गोदाचा डावा डोळा : घोडीच्या युव्हायटिसच्या कामाच्या नोंदी

कर्जतजवळ आमचा छोटा तबेला आहे. त्यातली कुमैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी गोदा, वय वर्षं अकरा. तिच्या डाव्या डोळ्यावर जे काम चाललं त्याच्या या नोंदी. दुखण्याचं नाव युव्हायटिस. डोळ्याच्या आतल्या रंगीत पडद्याला आणि त्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या थराला सूज येते. घोड्यांमध्ये ती पुनःपुन्हा येते, कारण शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वतःच्या डोळ्यावर उलटते. जगभरात घोडे आंधळे होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि आपल्याकडे बहुतेक घोडे 'डोळा आलाय, जाईल' म्हणता म्हणता आंधळे होतात. नेरळ-कर्जत पट्ट्यात आणि वर माथेरानला घोडे सांभाळणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितेय. औषधांची मापं गोदासाठी डॉक्टरांनी ठरवलेली आहेत, तुमच्या घोड्याची तुमचे डॉक्टर ठरवतील.

५ जुलै २०२३

सकाळी चंदी (दाणा) टाकताना डावा डोळा जवळजवळ मिटलेला, गालावर पाण्याचा ओघळ. निरोगी घोड्याच्या वरच्या पापणीचे केस जवळजवळ आडवे असतात. गोदाचे उजवे तसेच होते, डावे खाली झुकलेले. डोळा अर्धा उघडा असला तरी केसांचा कोन बदलला की आत दुखतंय असं समजा. समोर उभं राहून दोन्ही बाजू एकदम बघितल्या तरच हे कळतं.

अंधारात नेऊन टॉर्चने पाहिलं. पारपटल, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, निळसर धुरकट. बाहुली आक्रसून बारीक चिरेसारखी झालेली. अंधारात ती मोठी व्हायला हवी.

कपाटात डोळ्याच्या मलमाची ट्यूब होती, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली. घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्या मोतद्दार दादांनी ती काढलीसुद्धा. ती लावू दिली नाही. पारपटलावर ओरखडा असेल आणि त्यावर स्टेरॉइड गेलं तर जखम विरघळल्यासारखी खोल जाते, आणि पावसाळ्यातल्या आपल्या हवेत वर बुरशी धरते. मग डोळा हाती लागत नाही. शेजारून मिठाच्या पाण्याचा सल्ला आला, एकाने तंबाखूचं पाणी सांगितलं. दोन्ही नको.

खिडकीला गोणपाट लावून ठाणावर अंधार केला. गावचे गुरांचे डॉक्टर येऊन वेदना आणि सूज कमी करणारं फ्लुनिक्सिन शिरेतून देऊन गेले. घोड्याच्या डोळ्याची तपासणी करणारे डॉक्टर मुंबईहून यायचे होते, पावसामुळे ते उद्यावर गेलं. या दुखण्यात गेलेला दिवस भरून येत नाही. म्हणून हा फोन नंबर पावसाळ्याच्या आधीच मिळवून ठेवा.

६ जुलै

डॉक्टर आले. गोदा पापणी इतकी घट्ट आवळत होती की बोटांनी उघडणं अशक्य. कान आणि डोळा यांच्या मधल्या हाडावरून जाणारी नस त्यांनी बधिर केली. पापणी सैल पडली आणि पुढचं सगळं शांतपणे झालं. जबरदस्तीने पापणी उघडू नये. आधीच नाजूक झालेल्या डोळ्यावर दाब येतो.

फ्लुओरेसिन या रंगाची पट्टी ओली करून डोळ्याला लावली, निळ्या प्रकाशात पाहिलं. हिरवा डाग कुठेच नाही, म्हणजे ओरखडा नाही आणि स्टेरॉइडचे थेंब देता येतील. पट्टी अगदी स्वस्त मिळते आणि सगळा निर्णय तिच्यावर असतो.

मग डोळ्याचा दाब मोजला. उजवा २३, डावा ९. साधारण १५ ते ३० च्या दरम्यान हवा. आतलं पाणी तयार करणारा भागच सुजला की दाब उतरतो. मोजताना घोड्याचं डोकं छातीच्या वर असावं लागतं, खाली असलं तर आकडा खोटा चढतो. तिचं डोकं दादांनी वर धरून ठेवलं होतं.

बारीक झोत तिरपा टाकून त्यांनी मला डोळ्याच्या आतलं पाणी दाखवलं. नितळ पाण्यात झोत दिसत नाही. इथे तो घाटात धुक्यातून येणाऱ्या हेडलाइटसारखा स्पष्ट दिसत होता. रक्तवाहिन्या पाझरून आतल्या पाण्यात प्रथिनं आणि पेशी उतरल्याची ती खूण.

पहिल्या वेळी याला वारंवार येणारं दुखणं म्हणत नाहीत. दुसऱ्यांदा उसळलं तर म्हणायचं. पण वागायचं आजपासूनच तसं, असं डॉक्टर बजावून गेले. लेप्टोस्पायरोसिससाठी रक्त घेतलं. उंदरांमुळे, साचलेल्या पाण्यातून पसरणारा हा संसर्ग या दुखण्यामागे असू शकतो.

उपचार असे ठरले. अ‍ॅट्रोपीन १ टक्का, दिवसातून तीनदा. त्याने बाहुली उघडते, कळ थांबते आणि पडदा मागच्या भिंगाला चिकटत नाही. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्का, हे स्टेरॉइड, दर चार तासांनी. फ्लुनिक्सिन किलोमागे १.१ मिलिग्रॅम, सुरुवातीचे दिवस दोनदा, मग कमी करत बंद.

वजन अंदाजाने धरू नका. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी (खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत), सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. गोदाचा घेर १६८, लांबी १५०, वजन आलं साधारण ३५६ किलो. दादा तिला साडेचारशेची समजत होते. त्या हिशोबाने फ्लुनिक्सिन पाव हिस्सा जास्त गेलं असतं, आणि ते जास्त झालं की घोड्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावरही ताण येतो. हे इंजेक्शन मांसात देऊ नये, तिथे गंभीर संसर्ग होऊ शकतो. फेनिलब्युटाझोन या दुसऱ्या वेदनाशामकासोबतही देऊ नये.

८ जुलै

थेंब घालणं हेच सगळ्यात अवघड काम ठरतंय. दर चार तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा. पहिले काही थेंब गेले, मग गोदा शहाणी झाली. बाटली हातात दिसली की मान उंच. काल रात्री तिने दादांना भिंतीशी दाबलं. थेंब गालावर, औषध वाया, आणि प्रत्येक झटापटीत डोळ्याला काही लागेल याची धास्ती. गूळ लावून पाहिला, एका वेळेपुरता चालला. नाकाला फास लावणं मला मान्य नाही, दिवसातून इतक्या वेळा तर नाहीच.

डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी पापणीतून नळी बसवायचं ठरवलं.

हात धुण्याबद्दल एक सूचना. अ‍ॅट्रोपीनचं बोट माझ्या डोळ्याला लागलं तर माझीही बाहुली मोठी होऊन वाचता येणार नाही. हातमोजे घाला.

१० जुलै

नळी बसली. गोदाला गुंगी देऊन, पापणी बधिर करून, वरच्या पापणीच्या आतून सुई बाहेर काढली आणि तिच्यातून सिलिकॉनची बारीक नळी ओवली. आतल्या टोकाला चपटी चकती असते, ती पापणीच्या खोल खाचेत बसते, बुबुळाला घासत नाही. नळी कपाळावरून आयाळीपर्यंत नेली, आयाळीच्या वेण्या घालून त्यांत गुंतवली आणि खांद्यावरच्या उंचवट्याजवळ सलाइनची टोपी लावून थांबवली. आता घोडीच्या खांद्याशी उभं राहून औषध देता येतं. डोळ्याजवळ हातच जात नाही.

रीत अशी : ०.१ ते ०.२ मिली औषध, मागून एक-दोन मिली हवा अगदी सावकाश. हवा जोरात ढकलली तर ती दचकते आणि पुन्हा अविश्वास धरते. दोन औषधांत किमान पाच मिनिटांचं अंतर. नळी, बसवण्याचे पैसे आणि डॉक्टरांच्या येण्याजाण्यासह खर्च आठ हजारांच्या आसपास. या सगळ्या कामातला हा सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च आहे.

१३ जुलै

नळी तुंबली. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट हे पाण्यात विरघळलेलं औषध नाही, त्यात बारीक कण तरंगतात. नीट हलवून दिलं तरी कण नळीत साचले. कोमट सलाइनने हळूहळू मोकळी केली, त्यात निम्मी रात्र गेली. डॉक्टरांनी डेक्सामेथासोन सोडियम फॉस्फेट या दुसऱ्या स्टेरॉइडचे थेंब सांगितले, ते पूर्ण विरघळलेले असतात. प्रेडनिसोलोन डोळ्यात जास्त खोल उतरतं हे खरं, पण नळीत अडकलेलं औषध डोळ्यात उतरतच नाही. मलम तर नळीतून द्यायचंच नाही.

१५ जुलै

लीद कमी झाली. अ‍ॅट्रोपीन आतड्याची हालचाल मंदावतं, आणि घोड्यात त्यातून पोटशूळ होऊ शकतो. हे माहीत असल्यामुळे दारावर खडूने लिदीची खूण करायला पहिल्याच दिवशी सुरुवात केली होती. काल दुपारनंतर खुणा विरळ. कान लावून पोटाचा आवाज ऐकला, तोही मंद. आणि उजव्या, चांगल्या डोळ्याची बाहुलीसुद्धा थोडी मोठी दिसली. औषध डोळ्यातून रक्तात जास्त जातंय, याची ती खूण.

अ‍ॅट्रोपीन त्याच वेळी थांबवलं. चंदी बंद, ओला कोंडा आणि हिरवं गवत, हाताने धरून फेऱ्या. संध्याकाळी लीद आली. आता अ‍ॅट्रोपीन दिवसातून एकदाच.

पूर्ण बंद न करण्याचं कारण : बाहुली आता उघडते आहे आणि उघडी राहते आहे. आधी औषध देऊनही ती हलत नव्हती. निरोगी डोळ्यात एका थेंबाने बाहुली कित्येक दिवस मोठी राहते, सुजलेल्या डोळ्यात लगेच आकसते. म्हणजे ती किती वेळ उघडी राहते यावरून सूज किती उतरली हे घरबसल्या कळतं. मी रोज त्याच वेळी, त्याच टॉर्चने फोटो काढते.

२४ जुलै

डोळा स्वच्छ दिसतोय. पाणी नाही, पापणी वर, पारपटल नितळ. घरात सगळे म्हणताहेत, झालं आता, काढा ती नळी.

काढणार नाही. या दुखण्यात बाहेरून शांत दिसणारा डोळा आतून शांत नसतो, आणि औषध लवकर सोडलं की ते पुन्हा उसळतं. आज दाब मोजला, १३. अजून खालीच आहे. डोळा छान दिसायला लागल्यावरही कित्येक आठवडे थेंब कमी कमी करत द्यायचे, एकदम तोडायचे नाहीत. चारऐवजी सहा तासांनी, मग आठ, मग बारा, मग दिवसाला एकदा, मग एक दिवसाआड. प्रत्येक पायरीला डोळा पाहून पुढे. तक्ता करून तबेल्याच्या भिंतीवर लावला. ज्याने दिलं त्याने सही करायची.

नळीतून रोज काम करताना आणि वह्या भरताना माणूस कंटाळतो, हे खरं आहे. पण घोडीला दुखतंय हे ती सांगत नाही, तेवढं आपण लक्षात ठेवायला हवं.

३१ जुलै

रक्ताचा अहवाल आला. लेप्टोस्पायराची प्रतिद्रव्यं १:४००, म्हणजे रक्त चारशेपट पातळ केलं तरी ती सापडतात. डॉक्टर म्हणाले, यावरून उड्या मारू नका. पावसाळी पट्ट्यात, भातखाचरांच्या शेजारी राहणाऱ्या कितीतरी धडधाकट घोड्यांच्या रक्तात ही सापडतात. जंतूशी कधीतरी गाठ पडली, एवढाच त्याचा अर्थ.

संबंध मात्र खरा आहे. संसर्ग झाल्यावर डोळा लगेच दुखत नाही. कित्येक महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी दुखतो. जंतू डोळ्याच्या आतल्या जेलीसारख्या भागात दडून राहू शकतात, तिथे औषध नीट पोहोचत नाही. शिवाय जंतूची काही प्रथिनं आणि डोळ्याची स्वतःची प्रथिनं यांत साम्य आहे. शरीर जंतूवर तयार केलेलं हत्यार डोळ्यावर चालवतं. पडद्यातून एक प्रथिन बाहेर पडलं की त्यावर हल्ला, मग दुसऱ्यावर. प्रत्येक उसळीला नवं लक्ष्य. म्हणून एकेका उसळीनंतर डोळा थोडा थोडा जातो. युरोप-अमेरिकेत ठिपकेदार अ‍ॅपलूसा जातीत हे दुखणं इतर घोड्यांपेक्षा खूपच जास्त दिसतं, तिथे अनुवंशाचाही हात आहे.

आपल्या हातात काय आहे? उंदीर आणि साचलेलं पाणी. ते काम पुढे लिहिलंय.

१२ ऑगस्ट

मुखवटा. अ‍ॅट्रोपीनने बाहुली मोठी असते, उजेड टोचतो, माशा डोळ्यावर बसतात. परदेशी, अतिनील किरण अडवणारे मुखवटे मिळतात, पण मागवायला पाच-सात हजार आणि महिनाभर वाट.

नर्सरीसाठी मिळते ती ७५ टक्क्यांची शेडनेट आणली. पहिला नमुना सपाट शिवला, तो पापण्यांना घासला. दुसऱ्याला डोळ्यांवर चिमटे घेऊन फुगीर वाट्या केल्या, तो ठीक बसला, पण कडा गालफडावर रुतल्या. तिसऱ्याला आतून नमद्याच्या पट्ट्या आणि मागे वेल्क्रो. वेल्क्रोच हवं, बक्कल नको. कुठे अडकलं तर सुटून आलं पाहिजे, नाहीतर घोडी मान ओढून घेते. साहित्य तीनशे रुपयांत झालं, शिंप्याने शिलाई घेतली नाही.

पावसात हा मुखवटा घालू नये. ओली जाळी डोळ्याला चिकटते आणि आत घाण धरून ठेवते. संध्याकाळी काढून रोज धुवायचा.

९ सप्टेंबर

नळी मागच्याच आठवड्यात काढली. थेंब एक दिवसाआड, हाताने. आता ती देऊ देते.

तबेल्याचं काम पूर्ण झालं, सगळ्यात जास्त पैसा इथे गेला, पंचवीस हजारांच्या पुढे.

चंदी, हरभरा आणि कोंडा झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात. आधी गोणीत असायचा, उंदरांना मेजवानी. पेंढा जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर. ठाणामागे पागोळ्यांचं पाणी साचून डबकं व्हायचं, तिथे सिमेंटची चर काढून उतार दिला. पहिल्यांदा गवंड्याने उतार उलटा दिला, पाणी ठाणात आलं, चर फोडून पुन्हा केली. त्यात आठवडा आणि मजुरी दोन्ही गेलं. चरायच्या जागेतून खाचराकडे जाणारी वाट तारेने बंद केली, कारण गोदा तिथलंच गढूळ पाणी प्यायची. हौद जमिनीपासून उंच केला. उंदरांसाठी विष नाही, पिंजरे. विष खाल्लेला उंदीर कुत्रा खातो.

हे काम माणसांसाठीही आहे. लेप्टो आपल्यालाही होतो. पावसाळ्यात अनवाणी तबेल्यात शिरू नका, पायाला जखम असेल तर अजिबात नाही. गमबूट, आणि ताप आला तर आरोग्य केंद्रात 'घोड्यांत काम करतो' हे आधी सांगा.

७ ऑक्टोबर

पुन्हा. तोच डोळा, तीच झुकलेली पापणी. दादा म्हणाले, 'ताई, मी बोललो होतो, चंद्राबरोबर येतं हे.' खूप जुनी समजूत आहे ही, युरोपातही होती. मी वहीत तिथी लिहीत होते, दोन उसळ्यांचा चंद्राशी काही मेळ दिसला नाही.

या वेळी वेळ गेला नाही. सकाळी पापणी पाहिली, दुपारी डॉक्टर. पट्टी लावली, हिरवं नाही. दाब ११. नळी न बसवता हातानेच थेंब, कारण लवकर पकडल्यामुळे दुखणं पहिल्याइतकं नव्हतं आणि घोडीचा विश्वास टिकलेला.

आता नाव पक्कं झालं. गोदाला माथेरानच्या मोसमात भाड्याने द्यायचं नाही, हेही आज ठरवलं. एका बाजूने कमी दिसणारी घोडी दरीकडच्या वाटेवर बुजली तर पाठीवरचं मूल जाईल. उत्पन्न बुडालं, तरी यावर मी वाद घालणार नाही.

२७ डिसेंबर

दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. एका ओळखीच्यांना घोडी घ्यायची होती, त्यांच्याबरोबर गेले. नाल, दात, चाल, पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं) आहे का, सगळं पाहतात. डोळे कोणी बघत नाही.

बघायचं असं : घोडा सावलीत घ्या, डोक्यावर घोंगडी धरून अंधार करा, टॉर्च मारा. बाहुलीच्या वरच्या कडेला काळसर दाण्यांची माळ असते, ती दोन्ही डोळ्यांत सारखी टपोरी हवी. एका डोळ्यात ती झिजून सपाट झाली असेल, बाहुलीची कड वेडीवाकडी असेल, भिंगावर तपकिरी डाग असतील, किंवा एक डोळा दुसऱ्यापेक्षा लहान वाटत असेल, तर आत जुनी सूज होऊन गेली आहे. आम्ही पाहिलेल्या एका सुंदर सब्ज्या (राखाडी-पांढऱ्या) घोडीत हे सगळं होतं. मालकाला दाखवलं. तो खरंच चकित झाला, लपवत नव्हता. त्याला माझ्या डॉक्टरांचा नंबर दिला.

१९ जानेवारी २०२४

डोळा मिटलेला, पाणी, बाहुली बारीक. अगदी उसळीसारखंच. स्टेरॉइडची बाटली दादांच्या हातात तयार.

पट्टी लावली आणि पारपटलाच्या खालच्या बाजूला वाटाण्याएवढा हिरवा डाग उजळला. कडब्याचं कूस लागलं असावं. पारपटलाला जखम झाली की आतली बाहुलीही आकसते, म्हणून वरून दोन्ही दुखणी एकच दिसतात. उपचार मात्र उलटे. या नोंदींतली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या : दुखणं ओळखीचं वाटलं तरी दर वेळी पट्टी.

स्टेरॉइडचे सगळे थेंब बंद. अँटिबायोटिक, बुरशीवरचे थेंब, थोडं अ‍ॅट्रोपीन. शिवाय गोदाचंच रक्त काढून, ते गोठू देऊन वरचं पिवळसर सीरम वेगळं केलं, त्याचे थेंब दर काही तासांनी. पारपटल विरघळवणाऱ्या द्रव्यांना ते आवर घालतं. फ्रिजमध्ये ठेवायचं आणि आठवड्याने फेकून नवं करायचं, त्यात जंतू लवकर वाढतात. त्या काळात आमच्या फ्रिजमधलं दूध खालच्या कप्प्यात गेलं.

३ फेब्रुवारी

डाग भरला, पट्टीला हिरवं येत नाही. छोटं पांढरं फूल राहिलं. पण या गडबडीत स्टेरॉइड बंद असताना आतली सूज वाढली, आणि आज भिंगावर मोतीबिंदूची सुरुवात दिसली. पडदा एका ठिकाणी भिंगाला चिकटला आहे, बाहुलीची कड तिथे आत ओढलेली. हे परत सुटणार नाही. वाईट वाटलं.

१६ मार्च

पुढचे पर्याय डॉक्टरांनी नीट समजावले. जर्मनीत, विशेषतः म्युनिकला, डोळ्यातली जेली शस्त्रक्रियेने काढून टाकतात. लेप्टोचा हात असलेल्या डोळ्यांत त्याचा चांगला उपयोग झाला आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात शरीराची संरक्षण यंत्रणा शांत करणाऱ्या सायक्लोस्पोरिनची चकती डोळ्याच्या थरात बसवण्याची पद्धत विकसित झाली, ती काही वर्षं थोडं थोडं औषध सोडत राहते. आमच्या आवाक्यात दोन्ही नव्हतं. तिसरा पर्याय : जेंटामायसिन हे अँटिबायोटिक अगदी थोडं, ४ मिलिग्रॅम, थेट डोळ्याच्या आत. माप जास्त झालं तर दृष्टिपटल मरतं. बरोबर दिलं तरी मोतीबिंदू वाढू शकतो.

डोळा शांत असतानाच हे करतात. घोड्यांची सोय असलेल्या रुग्णालयात नेलं. टेम्पोत चढवताना दिसता डोळा उघड्या बाजूला ठेवला, नाहीतर ती फळीवर पाय टाकेना. गुंगी आणि बधिरता देऊन, उभ्यानेच. आधी डोळ्याच्या आतलं पाणी तपासायला घेतलं.

खर्च, वाहतुकीसह, वीस हजारांच्या आतबाहेर.

२ एप्रिल

डोळ्यातल्या पाण्याचा अहवाल : प्रतिद्रव्यं १:१६००, म्हणजे जुलैत रक्तात होती त्याच्या चौपट. त्याच दिवशी पुन्हा घेतलेल्या रक्तात अजून १:४०० च. डोळ्यात रक्तापेक्षा जास्त असणं म्हणजे ती डोळ्यातच तयार होताहेत. नुसत्या रक्ताच्या अहवालाने हे कधी कळलं नसतं. इंजेक्शनचा निर्णय योग्य कारणासाठी घेतल्याचं समाधान मिळालं.

इंजेक्शननंतर काही दिवस थोडी सूज आली, थेंबांनी उतरली.

१० जुलै

पाऊस लागला. चर चालते आहे, ठाणामागे पाणी नाही. पिंजऱ्यात उंदीर कमी सापडतात. गेल्या वर्षी याच दिवसांत पहिली उसळी होती, म्हणून आता सकाळ-संध्याकाळ पापणी. जंतांचं औषध आणि लसी एकाच वेळी द्यायच्या नाहीत असं ठरवलंय. शरीराला एकदम इतकं चेतवायचं नाही. दोन्हींत काही आठवड्यांचं अंतर ठेवतो.

२८ सप्टेंबर

मार्चपासून मोठी उसळी नाही. ऑगस्टमध्ये एकदा पापणी झुकली. पट्टी कोरी आली, दाब १४, थेंब सुरू केले आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरवले. मोतीबिंदू वाढला आहे. डाव्या डोळ्याला उजेड-अंधार आणि मोठी हालचाल कळते, बारीक दिसत नाही. डोळ्यासमोर हात झटकन नेला तर उजवी पापणी मिटते, डावी कधी मिटते, कधी नाही. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात खोलवर पाहिलं, दृष्टीच्या नसेभोवती फुलपाखरासारखे जुने व्रण नाहीत.

आम्ही तिच्या डाव्या बाजूने जाताना आधी बोलतो, मग हात लावतो. खाणं-पाणी रोज त्याच जागी. नव्या घोड्यांबरोबर सोडत नाही, ओळखीच्या म्हाताऱ्या घोडीबरोबर सोडतो, ती पुढे चालते आणि गोदा मागे.

आजवरचा खर्च, तबेल्याचं काम धरून, लाखाच्या आसपास. त्यात औषधांचा वाटा सगळ्यात कमी. थेंबांच्या बाटल्या स्वस्त आहेत, महाग आहे ते डॉक्टरांचं येणं आणि आपला वेळ.

डोळा पूर्ण आंधळा होऊन दुखत राहिला तर तो काढून टाकायचा, हेही डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. एका डोळ्याने घोडे नीट जगतात, दुखऱ्या डोळ्याने नाही. आज तशी वेळ नाही.

नवा मोतद्दार मुलगा आलाय. त्याला पट्टी लावायला, निळी टॉर्च धरायला आणि लिदीच्या खुणा करायला शिकवलं. मुखवट्याचा कागदी नमुना दादांकडे आहे, कोणाला हवा असेल तर त्यावरून कापून घ्या. पुढची दाबाची तपासणी १२ ऑक्टोबरला, ऊन तापायच्या आत.